दोन किलो खान्देश

मे महिन्यात जळगावहून हिमालयात निघालेल्या माणसाला लोक ‘कुठे चाललात?’ असं विचारत नाहीत. ‘कधी सुटताय?’ असं विचारतात. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, सकाळी अकरानंतर रस्त्यावर कुत्री आणि वसुलीवाले एवढेच दिसतात, आणि कुलर पाण्याऐवजी आवाजावर चालत असतो. अशा दिवसांत ‘बर्फ बघायला चाललोय’ म्हटलं की शेजाऱ्यांच्या डोळ्यांत हेवा दिसतो. पुढे ‘सहकुटुंब’ म्हटलं की हेवा ओसरतो आणि तिथे सहानुभूती येते.

खान्देशी माणसाचं बर्फाशी नातं तसं जुजबीच. लग्नात मठ्ठ्याच्या पिंपात सोडायला गोणपाटात गुंडाळून आणलेली लादी, नाहीतर गाडीवरचा कालाखट्टा गोळा. आणखी एक बर्फ आभाळातून पडतो, पण त्याचं नाव आमच्या घरात काढायचं नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात गारपीट म्हणजे कापणीला आलेल्या केळीच्या बागेच्या दहा मिनिटांत चिंध्या. त्यामुळे सहलीचा विषय निघाल्यावर नानांचा, म्हणजे माझ्या काकांचा, पहिला प्रश्न होता, “पैसे देऊन गारा बघायला जायचं?”

पण घरात बहुमत झालं होतं. दादाच्या मुलाला, आमच्या चिरंजीव पुतण्याला, भूगोलाच्या पुस्तकातली हिमनदी प्रत्यक्ष पाहायची होती. जिजीला, म्हणजे आजीला, डोळे मिटण्याआधी केदारनाथ पाहायचा होता. आणि केदारनाथाच्या देवळामागेच चोराबारी हिमनदी आहे, मंदाकिनी तिथूनच निघते, असं पुतण्याने पुस्तक न उघडता सांगितलं. एका खर्चात देव आणि भूगोल दोन्ही होतात हे कळल्यावर नानांचा विरोध मावळला. गौरीकुंडाहून सोळा-सतरा किलोमीटरची चढण जिजीला झेपणार नव्हती, घोड्यावर बसायला ती तयार नव्हती. म्हणून हेलिकॉप्टर.

हेलिकॉप्टरचं बुकिंग माझ्याकडे आलं. हे बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर होतं. आधी उत्तराखंड सरकारकडे यात्रेची नोंदणी, मग तिकीट. तिकिटं खुली होतात आणि आपण ओटीपीची वाट बघत असताना संपतात. कशीबशी मिळाली. पण खरी अडचण तिकिटं मिळाल्यावर उभी राहिली, कारण अर्जात प्रत्येकाचं वजन भरायचं होतं.

जळगावात वजन हा चेष्टेचा विषय नाही. सराफ बाजारात गुंज इकडची तिकडे होत नाही, कापूस काट्यावर चढला की शेतकऱ्याचा श्वास अडकतो, केळीचा ट्रक भरताना घडाघडाचा हिशोब होतो. मात्र हा सगळा काटेकोरपणा मालाबाबत. माणसाला विचारलं तर काकूंनी सांगितलेलं वजन दादाच्या मुंजीच्या वेळचं होतं. नाना म्हणाले, “लिही साठ-पासष्ट, तिथे कोण बघतंय.” दादाने वहिनीचं वजन तिला न विचारताच अंदाजाने भरलं. याचे परिणाम पुढे येतीलच.

हिमालय उत्तरेला आहे, हे मलाही ठाऊक आहे. तरी आमची टेम्पो ट्रॅव्हलर जळगावहून निघाली ती पश्चिमेला. भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा करत इंदूर गाठणं सरळ होतं. पण वहिनीचं माहेर धुळ्याचं, तिचे वडील जिभाऊ सोबत येणार होते, आणि व्याह्यांनी स्वतःहून बस पकडून जळगावला यावं असं सुचवणारा माणूस खान्देशात अजून जन्मायचा आहे. त्यांना घ्यायला दारात गाडी गेलीच पाहिजे. ती गेली. जाताना तरसोद-फागणे चौपदरीकरणाची खडी वर्षानुवर्षं अंगवळणी पडल्याने कोणी काही बोललं नाही. धुळ्यात आम्ही ‘पाच मिनिटं’ थांबलो. त्या पाच मिनिटांत खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, रश्शी आणि आग्रह एवढं सगळं झालं, आणि चालक ओसरीवर घोरू लागला. हिमालयाकडे आमचं पहिलं पाऊल पडलं तेव्हा ऊन उतरलं होतं.

जिभाऊ धुळे आगारातून एसटीचे चालक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर ‘चालकाशी बोलू नये’ या पाटीखाली बसलेला माणूस, आता त्या पाटीचा सूड घ्यायला मोकळा. शिरपूरच्या पुढे पळासनेर संपून बिजासन घाट लागला तशी त्यांनी चालकाच्या मागची जागा धरली. “आते दुसरा टाक भो,” म्हणत त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताने हवेत गिअर बदलला. चालक पोरगा सज्जन. घाटभर त्याने गाडी आणि तोंड दोन्ही ताब्यात ठेवलं.

गाडीत मागे जे सामान होतं त्याची यादी देत नाही. इतकंच सांगतो की गॅसची शेगडी होती, कळण्याचं पीठ होतं, बिबड्यांचा डबा होता, आणि ठेच्याची बरणी जिजीच्या मांडीवर होती. मे महिना हा भरिताच्या वांग्यांचा मोसम नाही म्हणून गाडी वाचली. नाहीतर २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून नानांना ते जगाला चाखवण्याची जबाबदारी आपली वाटते. केळीलाही त्याच वर्षी मानांकन मिळालं. त्यामुळे कच्च्या केळीच्या फण्या सीटखाली होत्याच. हृषीकेशला पोचेपर्यंत पिकतील असा नानांचा अंदाज होता, आणि तो हवामान खात्यापेक्षा अचूक निघाला.

मधल्या प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खलघाटला नर्मदेत नाणी पडली. इंदुरात पोह्यांवर शेव पाहून जिजीला परमुलुखात आल्याची जी धास्ती होती ती गेली. आग्र्याला गाडी थांबली, दार उघडलं, आत गरम झळ आली, आणि सगळ्यांनी दार लावून घेतलं. पंचेचाळीस अंशासाठी इतक्या लांब येण्याची गरज नव्हती. ताजमहाल पुतण्याने मोबाइलवर दाखवला.

हरिद्वारला मात्र एक प्रकार झाला. पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या ठेवणारे पंडे तिथे आहेत, हे ऐकून होतो. पंडितजींनी जिल्हा विचारला. नाना म्हणाले जळगाव, जिभाऊ म्हणाले धुळे, आणि पाठोपाठ कोणाचा जिल्हा मोठा यावर दोघांत कुजबुज सुरू झाली. पंडितजींनी दोघांकडे दुर्लक्ष करून एकच लांबुळकी बासनातली वही काढली, ‘खानदेश’ची. १९०६ साली इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. यातलं काहीही त्या वहीपर्यंत पोचलेलं नव्हतं. दोन्ही व्याह्यांना एकाच पानावर सह्या कराव्या लागल्या. जिभाऊंनी वरची जागा घेतली. नानांनी सही मोठी केली.

नानांचा मूड गेला तो त्या सहीमुळे नव्हे, बाहेरच्या फळगाडीमुळे. सावदा-रावेरची केळी रेल्वेने आणि ट्रकने दिल्लीला जातात, तिथून उत्तरेत पसरतात, हे त्यांना पाठ आहे. पण विक्रेता केळी डझनावर विकत होता आणि डझनाला ऐंशी रुपये सांगत होता. नानांनी एक फणी हातात घेतली, उलटी केली, देठ पाहिला, पंजावर तोलली. “हा माल आपल्याकडचाच,” म्हणाले. मग किती किलो, किती डझन, वाटेत कोणी किती खाल्ले, याचा हिशोब देवप्रयागपर्यंत चालला. गंगा उजव्या हाताला वाहत होती. तिच्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती.

देवप्रयागला हिरवट भागीरथी आणि मातकट अलकनंदा एकमेकींत शिरताना स्पष्ट दिसतात. गाडीतून उतरून सगळे कठड्याशी उभे राहिले. नाना म्हणाले, “आपल्या चांगदेवला तापी-पूर्णा अशाच मिळतात.” मिळतात खऱ्या, पण तिथे हतनूर धरणाचा फुगवटा असल्याने कोणती कुठे संपली हे नदीलाही कळत नसावं. जिभाऊ काहीच बोलले नाहीत. पांझरा त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण मे महिन्यात तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. बराच वेळ पाण्याकडे बघून ते म्हणाले, “मे महिनामा इतलं पाणी!” पुतण्याने लगेच खुलासा केला: आपल्या नद्या पावसावर चालतात, या नद्यांना उन्हाळ्यात वरचं बर्फ वितळून पाणी येतं, ऊन जितकं जास्त तितकं पाणी जास्त. “म्हणजे ऊन आमचं आणि पाणी त्यांचं,” नाना म्हणाले. केळीच्या हिशोबानंतरचा हा त्यांचा दुसरा घाटा.

गुप्तकाशीच्या मुक्कामात काकूंनी हॉटेलच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. शेवभाजीची फोडणी पडली तसा तिथला गढवाली आचारी ठसकत बाहेर आला आणि थंडीत उभा राहिला. जेवताना त्याला आग्रहाने वाढलं. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. जिजीला वाटलं, पोराला घरची आठवण आली.

आता वजनाकडे वळतो.

फाटा गावच्या हेलिपॅडवर गर्दी होती, वर ढग होते. २०२५ च्या जून महिन्यात गौरीकुंडाजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले. ती बातमी आमच्या घरातही सगळ्यांनी वाचली होती. त्यामुळे ढग दिसला आणि उड्डाण थांबलं तरी कोणी कुरकुर केली नाही. उलट जिभाऊंनी ‘बरोबर शे’ म्हणून मान डोलावली. घाटात धुकं असताना गाडी काढायचा आग्रह करणारे प्रवासी त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते.

पण वजनकाटा सगळ्यांसमोर ठेवलेला होता. माणूस चढला की आकडा लाल अक्षरांत उमटायचा आणि कर्मचारी तो मोठ्याने वाचून लिहून घ्यायचा. ऐंशी किलोच्या वर गेलं की किलोला दीडशे रुपये जादा. सामान माणशी फक्त दोन किलो.

जिजीला काट्याकडे नेलं तेव्हा ती दोन पावलं मागे सरली. “कायले तोलता मले? मी काय केयाचा घड हाये?” तिला समजावून चढवलं. आकडा बेचाळीस. जिजीपेक्षा तिची काठी जड असावी असं वाटून कर्मचाऱ्याने काठी काढून घेतली, तरी बेचाळीसच. नाना पासष्ट सांगून अठ्ठ्याहत्तर निघाले. त्यांनी खिशातल्या किल्ल्या दाखवल्या. काकूंनी चढण्याआधी पाटल्या काढून माझ्या हातात दिल्या. “हे सोन्याचं वजन वेगळं असतं,” असं त्यांनी त्या पोराला मराठीतच बजावलं.

जिभाऊंचा आकडा आला ब्याण्णव. बारा किलो जादा, अठराशे रुपये. क्षणभर शांतता पसरली. जिभाऊंनी आधी काटा तपासला, मग जमीन सपाट आहे का ते पाहिलं, मग तडजोडीचा हात पुढे केला. “स्वेटरनी कट्टी धरा ना भो!” बाजार समितीत पोत्याचं, ओलाव्याचं, कशाकशाचं वजन कापतात, तर माणसाच्या स्वेटरचं का नाही, हा मुद्दा बिनतोड होता. पण समोरच्या पोराला कट्टी माहीत नव्हती. शेवटी नानाच पुढे आले आणि पैसे भरले, कारण व्याही. भरून झाल्यावर मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “केळीला किलोला पंधरा रुपये मिळवताना जीव जातो, आणि व्याह्यांना दीडशे!”

वहिनी चढली. चौसष्ट. कर्मचाऱ्याने कागद पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, इसमें तो बहत्तर लिखा है.” वहिनीने दादाकडे पाहिलं. दादाने हिमालयाकडे पाहिलं.

दोन किलोंत कोणी काय नेलं, हेही सांगण्यासारखं आहे. पुतण्याने दुर्बीण आणि भूगोलाचं पुस्तक घेतलं. काकूंनी औषधं, कापूर आणि शेवेचा पुडा घेतला. नानांनी काहीच नेलं नाही, कारण जिजीचे दोन किलो त्यांना उचलायचे होते. जिजीने सीटखालून निवडून पिवळीधमक केळी काढली होती, घरच्या बागेतली, देवासाठी. नानांनी ती काट्यावर ठेवली. दोन किलो आणि थोडी वर. त्यांनी एक केळं तोडून घेतलं, काट्याने बरोबर दोन दाखवले, आणि तोडलेलं केळं त्यांनी त्या कर्मचाऱ्याला दिलं. कट्टी म्हणून.

हेलिकॉप्टरात माणसं नात्यांनुसार बसवत नाहीत, वजनानुसार बसवतात. जड माणूस कुठे, हलका कुठे, हे ते लोक ठरवतात आणि तिथे मानपान चालत नाही. जिभाऊंना पायलटशेजारी पुढे बसवलं. हा त्यांना व्याही म्हणून मिळालेला मान वाटला, आणि आम्ही कोणी तो गैरसमज दूर केला नाही. मागे जिजी, पुतण्या, मी आणि अनोळखी नवविवाहित जोडपं. नाना-काकू, दादा-वहिनी पुढच्या फेरीला. दादाने जागा बदलून मिळेल का असं मला खुणेने विचारलं. मिळणार नव्हती.

उड्डाण फार तर आठ-दहा मिनिटांचं. एवढ्या वेळात आमच्याकडे चहा उकळत नाही. खाली मंदाकिनीची दरी, दोन्ही बाजूंनी अंगावर येणारे डोंगर, पायवाटेवर मुंग्यांएवढी माणसं आणि खेचरं. जिजीने डोळे मिटून मुक्ताईचं नाव घ्यायला सुरुवात केली. वळण घेताना जिभाऊंचा उजवा पाय ब्रेक शोधत होता, हे मला मागून दिसत होतं.

आणि मग दरी उघडली. समोर ६,९४० मीटर उंचीचं केदारनाथ शिखर, खरोखर पांढरं, चित्रात असतं तसं. त्याच्या खाली देऊळ, इवलंसं. आणि देवळाच्या मागे, जिथे हिमनदी असायला हवी होती तिथे, करड्या दगडगोट्यांचा प्रचंड लांबलचक ढिगारा.

“बरफ कथा शे?” जिभाऊ मागे वळून ओरडले.

पुतण्या दुर्बीण डोळ्याला लावून थरथरत होता. “हीच! हीच हिमनदी!”

उतरल्यावर जिभाऊंनी कमरेवर हात ठेवून तिचं शांतपणे निरीक्षण केलं. “फागणाना रस्तावर बी इतलीच खडी पडेल शे.” मनात मलाही हुबेहूब तेच आलं होतं. इतक्या लांब येऊन आम्ही एक खडी क्रशर बघत होतो.

मग नऊ वर्षांच्या मुलाने आम्हा सगळ्यांची शिकवणी घेतली. दोन्हीकडच्या कड्यांवरून दगड-माती हिमनदीवर पडत राहते. खालच्या बाजूला तिचा थर इतका साचतो की बर्फ दिसतच नाही, तो त्या थराखाली असतो. कडेला लांबच लांब उतरणारे जे बांध दिसतात ते हिमोढ, म्हणजे हिमनदीने वाहून आणून टाकलेला गाळ. चोराबारी जवळपास सात किलोमीटर लांब आहे. डेहराडूनच्या वाडिया संस्थेचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं तिच्यावर जाऊन तिची मापं घेतात, आणि १९६२ पासूनचा हिशोब धरला तर ती वर्षाला सरासरी सहा-सात मीटर मागे सरकते आहे. “दरवर्षी?” नाना तोवर दुसऱ्या फेरीने पोचले होते. “म्हणजे तिलाही कट्टी लागतेच.”

देवळाच्या मागे भीमशिला आहे. तिथे मात्र आमच्यातलं कोणी बोललं नाही. १६ आणि १७ जून २०१३ ला इथे आभाळ कोसळलं, आणि १७ च्या सकाळी हिमनदीच्या कडेचा चोराबारी ताल फुटला. १९४८ साली गांधीजींच्या अस्थी तिथे विसर्जित केल्या होत्या म्हणून त्याला गांधी सरोवरही म्हणत. त्या पाण्याने याच हिमोढांतले दगड आणि राडारोडा खाली आणला आणि गाव नेलं. देवळामागे एक भलीमोठी शिळा येऊन अडकली, लोंढा दोन्ही बाजूंनी वळला, देऊळ राहिलं. मघाशी ज्याला खडी म्हणून हसलो ती खडी काय करू शकते हे त्या शिळेला हात लावल्यावर कळतं. जिभाऊंनी टोपी काढली. जिजीने शिळेपुढेही एक केळं ठेवलं.

थंडी कडाक्याची होती. काकूंचे दात वाजत होते. जिभाऊ मात्र स्वेटरची बटणं उघडी टाकून फिरत होते. “डिसेंबरमा धुळाले या,” ते प्रत्येकाला सांगत होते. धुळ्याचा पारा हिवाळ्यात पाच-सहावर उतरतो आणि पेपरात छापून येतो, याचा धुळेकरांना जळगावच्या केळीइतकाच अभिमान आहे. नानांना यावर उत्तर सुचलं नाही. जळगावचा पारा चढण्यात पटाईत आहे, आणि त्या क्षणी त्याचा काही उपयोग नव्हता.

दर्शन झालं. जिजीची केळी गाभाऱ्यापर्यंत पोचली की नाही हे गर्दीत दिसलं नाही. ती पोचली असं जिजी म्हणते, आणि तिच्याशी वाद घालायची आमच्याकडे पद्धत नाही. खाली उतरताना जिभाऊ पुन्हा पायलटशेजारी बसले. फाट्याला उतरल्यावर पायलटच्या पाठीवर थाप मारून त्यांनी त्याला हातखंडा चालक ठरवलं, पण बाहेर आल्यावर एक त्रुटी बोलून दाखवलीच. “बठ्ठं चांगलं शे. पन त्याले हॉर्नच नही.”

परतीचा प्रवास शांत झाला. दादा-वहिनीच्या सीटवर तर फारच शांत. वहिनी पहिलं वाक्य बोलली ते सेंधव्याच्या पुढे, धुळ्याचा मैलाचा दगड दिसल्यावर, आणि तेही वडिलांशी.

तेव्हा यंदा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, कोणी निघणार असेल तर त्यांना कळकळीची विनंती. केदारनाथाचे दरवाजे कधी उघडणार ते महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होतं, तेव्हापासूनच तिकिटाच्या मागे लागा. हिमनदी बघायची असेल तर भीमशिलेपासूनच माघारी फिरू नका, तिची ओळख करून द्यायला एखादं शाळकरी पोर सोबत ठेवा. वजन घरून करून निघा, किराणा दुकानातल्या काट्यावर नको. आणि अर्ज भरणाऱ्या नवऱ्यांनो, बायकोचं वजन तिला विचारून लिहा. ती सांगेल ते लिहा, आणि वर चर्चा करू नका.